बीपी, मीठ आणि मोबाईल ॲप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीपीच्या पेशंटला पथ्य समजावून सांगताना हल्ली बरेच जण मधेच फोन पुढे करतात, "हे ॲप टाकलंय, बरं आहे का?" म्हणून. प्रश्न तेच ते असतात त्यामुळे एकदाच सगळं लिहून ठेवतेय, वाचा आणि घरच्यांना फॉरवर्ड करा. विशेषतः घरात जो स्वयंपाक करतो त्याला, कारण खरं काम त्याच्याच हातात आहे, का ते पुढे येईलच.

ॲप टाकलं की बीपी उतरतं का?

नुसतं टाकून नाही उतरत. ॲप म्हणजे किराणावाल्याची उधारीची वही, लिहिलं तर कळतं किती झालंय, पैसे तुम्हालाच भरायचे असतात. संशोधन झालंय यावर, पण बरेचसे प्रयोग थोड्या लोकांवर आणि थोड्या महिन्यांचे आहेत आणि फरक पडतो तोही गोळीसारखा दणदणीत नसतो. तरी मी ॲपच्या विरोधात नाही हां. ज्याला वाटतं "मी कुठे एवढं खारट खातो" त्याने आठवडाभर प्रामाणिकपणे सगळं लिहिलं की सकाळचे खारी-टोस्ट, दुपारचा पापड, संध्याकाळची शेव असं सगळं एका स्क्रीनवर येतं आणि मग वाद घालायला जागा उरत नाही.

दिवसाला किती मीठ चालतं? ॲपमध्ये टारगेट काय टाकू?

जागतिक आरोग्य संघटना म्हणते मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम. सपाट एक चहाचा चमचा धरा, आणि त्यात सगळं आलं, भाजीतलं, भातातलं, लोणच्यातलं, बिस्किटातलं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीत आपल्या देशातला माणूस सरासरी ८ ग्रॅमच्या आसपास मीठ खातो असं दिसलं.

एक गोष्ट बघून घ्या. अमेरिकेत बनलेल्या ॲपमध्ये बऱ्याचदा टारगेट आधीच २३०० सेट केलेलं असतं कारण तिकडच्या लेबलचा आकडा तो आहे. आपल्याकडे एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षा बघणारी सरकारी संस्था, लेबलसाठी २००० धरते. सेटिंगमध्ये जाऊन २००० करा, आणि डॉक्टरांनी तुम्हाला वेगळा आकडा दिला असेल तर तो टाका.

कुठलं ॲप घेऊ ते सांगा ना सरळ.

सरळ सांगते, आधी एकच तपासा, त्यात सोडियम मिलिग्रॅममध्ये दिसतं का. पुष्कळ ॲप वजन कमी करण्यासाठी बनवलेली असतात, त्यात कॅलरी, प्रोटीन, कार्ब, फॅट एवढंच समोर येतं, सोडियम कुठेतरी आत दडवलेलं असतं नाहीतर पैसे भरा म्हणतात. बीपीवाल्याला असलं ॲप फारसं उपयोगाचं नाही.

आता नावं. क्रोनोमीटरमध्ये सोडियम, पोटॅशियम वगैरे तपशील चांगले दिसतात पण आपले पदार्थ कमी. मायफिटनेसपालमध्ये पदार्थ ढीगभर आहेत पण त्यातले बरेच वापरणाऱ्यांनीच भरलेले, त्यामुळे एकाच पोह्यांच्या चार नोंदी आणि चार वेगवेगळे आकडे असं होतं. हेल्थिफाय बेंगळुरूचं, भारतीय पदार्थांसाठी बरं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचंही न्यूट्रिफाय इंडिया नाऊ नावाचं ॲप आहे. टाकून बघा आणि ज्यात तुमची भाकरी पटकन सापडते ते ठेवा. भाकरी शोधताना इंग्रजी लिपीत दोन-तीन स्पेलिंगने टाकावी लागते, त्याला इलाज नाही.

ॲपमधले आकडे आपल्या जेवणाला लागू होतात का?

हा खरा प्रश्न आहे आणि बहुतेक जण तो विचारतच नाहीत.

नीट बघा. राष्ट्रीय पोषण संस्थेचे भारतीय अन्नघटक तक्ते २०१७ साली आले, ५०० च्या वर पदार्थ आहेत त्यात, काम फार मोठं आहे. पण ते मुख्यतः कच्च्या मालाचे आकडे आहेत, कच्चं वांगं, कच्ची तूरडाळ, ज्वारी. कच्च्या भाजीत सोडियम असून असून किती असणार, नगण्य. आपल्या ताटात सोडियम येतं ते कढईत टाकलेल्या मिठातून, आणि ते टाकणारा हात घराघरात वेगळा.

आता पिठलं घ्या. ॲपमध्ये रेसिपी भरताना लोक बेसन टाकतात, कांदा, लसूण, मिरची, तेल, सगळं अगदी ग्रॅममध्ये टाकतात, मीठ टाकायचं विसरतात. कारण मिठाला कॅलरी नाही ना, मग डोक्यातच येत नाही. ॲप दाखवतं सोडियम अगदी किरकोळ, हिरवी खूण येते आणि माणूस खूष. प्रत्यक्षात चौघांच्या पिठल्यात सपाट एक चहाचा चमचा म्हणजे ५ ग्रॅम मीठ गेलं असेल तर प्रत्येकाच्या वाटणीला ५०० मिलिग्रॅम सोडियम आलं, दिवसाचा चौथा हिस्सा एका पदार्थात. त्यावर भाकरीच्या पिठात मीठ, शेजारी ठेचा, आणि ठेच्यात मीठ काय कमी असतं का!

तयार नोंद घेतली, समजा "भरली वांगी एक वाटी", तरी ती कुणाच्या तरी रेसिपीची. तुमच्या घरची नाही.

म्हणून रेसिपी स्वतः बनवा आणि त्यात मीठ हा घटक म्हणून टाकाच. मिठाच्या बरणीत एकच ठरावीक चमचा ठेवा, तो सपाट भरून एकदा किचनच्या वजनकाट्यावर बघा किती ग्रॅम येतं, मग रोज चमचे मोजले की झालं. चिमूट आणि अंदाज यावर चालणाऱ्या बायकांना, माझ्या आईसकट, हे अपमानास्पद वाटतं, पण महिनाभर करून बघायला काय हरकत आहे.

एवढं कोण भरत बसणार रोज? सोपं काही नाही का?

आहे, आणि त्याला ॲपसुद्धा लागत नाही. मिठाचा १ किलोचा नवा पुडा फोडला की त्यावर मार्करने तारीख लिहा. संपला की दिवस मोजा. घरात चार मोठी माणसं असतील तर ५ ग्रॅमप्रमाणे रोजचे २० ग्रॅम, म्हणजे पुडा ५० दिवस जायला पाहिजे. तुमचा २८ दिवसांत संपला तर माणशी जवळपास ९ ग्रॅम झालं. आणि हे फक्त स्वयंपाकघरातलं, पाव, फरसाण, बाहेरचा वडापाव याच्यावर वेगळा. म्हणून खरं तर पुडा ६०-६५ दिवस पुरला पाहिजे म्हणजे बाहेरच्यासाठी जागा राहते.

यात लोणचं घातलं असेल, कुरडया-सांडगे केले असतील, भाजी मिठाच्या पाण्यात धुतली असेल तर ते वजा करा. लहान मुलं कमी खातात, डबा बाहेर जातो, पाहुणे येतात, सगळं धरून आकडा ढोबळच येणार. पण ढोबळ असला तरी तुमच्या घराचा आहे, आणि ॲपमधल्या कुठल्याही "एक वाटी भाजी"पेक्षा मला तो जास्त खरा वाटतो. फोनच्या कॅलेंडरमध्ये तारीख टाकून ठेवली की झालं तुमचं ॲप.

मग ॲप नक्की कशाला वापरायचं?

पाकिटातल्या पदार्थांसाठी. तिथे ॲप खरंच कामाचं, कारण आकडा छापलेला असतो.

पाकिटामागचं लेबल कसं वाचायचं? बारकोड स्कॅन केला तर चालेल ना?

चालेल, पण एकदा डोळ्यांनी पण बघा. आपल्याकडे लेबलवर सोडियम मिलिग्रॅममध्ये असतं, १०० ग्रॅममागे. सोबत "पर सर्व्ह" म्हणून टक्केवारी असते आणि इथेच गंमत होते, कंपनीचं सर्व्हिंग २०-३० ग्रॅमचं आणि आपलं सर्व्हिंग टीव्हीसमोर संपेपर्यंतचं. समजा शेवेच्या पाकिटावर १०० ग्रॅमला ९०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलंय आणि तुम्ही मिसळीवर, चहाबरोबर असं करत ५० ग्रॅम खाल्ली, तर ४५० मिलिग्रॅम झालं. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ येतं, म्हणजे १ ग्रॅमच्या वर मीठ नुसत्या शेवेतून. ॲपमध्ये ग्रॅम टाका, "१ सर्व्हिंग" टाकू नका.

फूडस्विच नावाचं एक ॲप द जॉर्ज इन्स्टिट्यूटने बनवलंय, आधी ऑस्ट्रेलियात आलं मग भारतासाठीही, बारकोड स्कॅन केला की त्याच प्रकारातला कमी मिठाचा पर्याय सुचवतं. कल्पना मला फार आवडते. पण बचत गटाचे पापड, कोपऱ्यावरच्या बेकरीतली खारी, सुट्टं फरसाण यांना बारकोडच नसतो, आणि आपल्याकडचं निम्मं मीठ तिथूनच येतं असं माझं मत आहे. पापडात मिठासोबत पापडखार असतो, त्यातही सोडियम. ढोकळ्यात, नानकटाईत सोडा असतो, चहाच्या चमचाभर खाण्याच्या सोड्यात १२०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं बरं का, चव खारट लागत नाही म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. ॲसिडिटीसाठी पाण्यात फसफसणारी पुडी घेता ना, तिच्यातही तेच सोडियम बायकार्बोनेट, ती पण नोंदवा.

लंडनला वगैरे असाल तर तिकडच्या पाकिटावर सोडियम नसतं, थेट मीठ ग्रॅममध्ये असतं. तो आकडा सोडियमच्या रकान्यात टाकला तर सगळं गणित बिघडतं.

ताटाचा फोटो काढला की ॲप सगळं ओळखतं म्हणे?

पोळी, भाजी, वरण-भात ओळखेल, कॅलरीचा अंदाज पण देईल. मीठ फोटोत दिसत नाही. विषय संपला.

आमच्याकडे सैंधव वापरतात, मग सोडियम नाहीच ना?

आहे की. सैंधव, काळं मीठ, गुलाबी मीठ, सगळ्यात मुख्य घटक सोडियम क्लोराईडच. रंग वेगळा, चव थोडी वेगळी, बीपीला फरक नाही. ॲपमध्ये साधं मीठ म्हणूनच टाका. उलट साध्या पाकिटातल्या मिठात आयोडीन घातलेलं असतं, सैंधवात ते तसं मिळेलच असं नाही.

आणि ते लो सोडियम मीठ?

हे वेगळं प्रकरण आहे, यात सोडियम क्लोराईडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराईड घातलेलं असतं. चीनमध्ये ६०० खेड्यांत जवळजवळ २१ हजार लोकांवर मोठा प्रयोग झाला, २०२१ साली निकाल आला, ७५ टक्के सोडियम क्लोराईड आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराईड असलेलं मीठ वापरणाऱ्यांमध्ये स्ट्रोकचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी. हे लोक आधी स्ट्रोक होऊन गेलेले किंवा साठीच्या पुढचे आणि बीपी असलेले होते. जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही घरच्या वापरासाठी असं मीठ सुचवलं, पण अटी घालून. किडनीचा त्रास असलेल्यांसाठी, गरोदर बायकांसाठी, लहान मुलांसाठी ती शिफारस नाही.

आणि हे नीट वाचा. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन अशा गोळ्या चालू असतील तर शरीरात पोटॅशियम आधीच वाढू शकतं. त्यावर हे मीठ घेणं धोक्याचं होऊ शकतं, हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. बीपीच्या निम्म्या चिठ्ठ्यांवर यातलं एखादं नाव असतंच, म्हणून दुकानातून परस्पर आणू नका, आधी डॉक्टरांना विचारा, ते रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारा आकडा) बघतील.

ॲप म्हणतं पोटॅशियम कमी पडतंय, रोज दोन शहाळी पी. पिऊ?

वरचंच उत्तर. किडनी धड असेल आणि गोळ्या तशा नसतील तर फळं, पालेभाज्या, डाळी, शहाळं चांगलंच. पण ॲपला तुमचं क्रिएटिनिन माहीत नाही आणि गोळ्याही माहीत नाहीत, ते सगळ्यांना एकच टारगेट देतं. विचारून मगच.

नुसतं मीठ कमी केलं की झालं का?

नाही. डॅश नावाचा आहार ऐकला असेल, अमेरिकेत १९९७ साली त्याचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात गंमत अशी की मीठ सगळ्यांना सारखंच ठेवलं होतं, वजनही बदलू दिलं नव्हतं, फक्त एका गटाला भाज्या, फळं, कमी फॅटचं दूध-दही जास्त आणि तूपकट-गोड कमी दिलं. ज्यांना बीपी होतं त्यांचं वरचं बीपी सरासरी ११ अंकांनी उतरलं. नंतर २००१ मध्ये त्याला मीठ कमी करणं जोडलं तर अजून फायदा दिसला.

ॲपमध्ये "डॅश डाएट प्लॅन" उघडला की केल, ब्लूबेरी, ओटमील येतं आणि लोक हताश होतात. अहो ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, माठ नाहीतर चाकवताची भाजी, काकडी-टोमॅटोची बिनमिठाची कोशिंबीर, साय काढलेल्या दुधाचं ताक, एक पेरू, हेच झालं की डॅश! फक्त ताकात मीठ नको, जिरेपूड आणि कोथिंबीर घाला. उसळीत शेवटी लिंबू पिळलं तर कमी मीठ जाणवत नाही.

श्रावणात आणि एकादशीला काय नोंदवायचं?

साबुदाणा खिचडी, बटाट्याचे वेफर्स, खारे दाणे, उपवासाचा चिवडा. सगळं नोंदवा. सैंधवाचं वर सांगितलंच. उपवासाच्या दिवशी सोडियम कमी जातं असा लोकांचा समज आहे, एकदा वेफर्सचं पाकीट उलटून बघा.

सासूबाईंना बीपी आहे पण त्या स्मार्टफोन वापरत नाहीत. ॲप माझ्या फोनवर ठेवलं तर?

ठेवा, पण रोज त्यांच्या मागे लागून "काय खाल्लं" विचारू नका, चौथ्या दिवशी भांडण होईल. तुम्ही स्वयंपाक करत असाल तर तुम्हीच रेसिपी आणि मीठ भरा, त्यांना फक्त ताटात लोणचं-पापड किती घेतलं ते विचारा.

घरातल्या पोरांना कामाला लावा. चीनमध्येच ५४ प्राथमिक शाळांत प्रयोग झाला, तिसरीच्या मुलांना ॲपवरून मिठाचे धडे दिले आणि घरी जाऊन मीठ कमी करवायचं काम दिलं. वर्षभरात घरातल्या मोठ्या माणसांचं मीठ दिवसाला ०.८२ ग्रॅमने कमी झालं, वरचं बीपी दीड अंकाच्या आसपास उतरलं. आकडा लहान वाटतो, पण हे काही फक्त पेशंट निवडून केलेलं नव्हतं, साध्या घरातली माणसं होती. नातीने "आजी, पापड एकच" म्हटलं की चालतं, सुनेने म्हटलं की चालत नाही, हे कुठल्या शास्त्रज्ञाला विचारायची गरज नाही.

मोबाईलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी मोजता येतं का?

असल्या ॲपच्या भरवशावर राहू नका. अमेरिकेत इन्स्टंट ब्लड प्रेशर नावाचं असंच एक ॲप जोरात खपलं होतं, २०१६ मध्ये संशोधकांनी तपासलं तर ज्यांचं बीपी खरंच जास्त होतं त्यातल्या पाचातल्या चौघांना ते नॉर्मलच्या पट्ट्यात दाखवत होतं. तिथल्या सरकारी आयोगाने कारवाई केली. दंडाला पट्टा बांधायचं डिजिटल मशीन घ्या.

मोजायच्या आधी अर्धा तास चहा, तंबाखू, व्यायाम नको. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर टेकवलेला, बोलायचं नाही. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा घ्या आणि दोन्ही आकडे जसेच्या तसे ॲपमध्ये टाका, त्यातला बरा दिसणारा नव्हे. घरी सरासरी १३५/८५ च्या वर राहत असेल तर डॉक्टरांना दाखवायचं.

सरकारी दवाखान्यात नर्सच्या फोनवर बीपीचं ॲप असतं, ते मला मिळेल का?

ते सिंपल नावाचं असेल, सरकारी बीपी नियंत्रण कार्यक्रमात वापरतात, पण ते तिथल्या स्टाफसाठी आहे. तुम्हाला क्यूआर कोडचं कार्ड मिळतं, ते प्रत्येक वेळी घेऊन जा म्हणजे जुने आकडे लगेच दिसतात. त्यात जेवणाची नोंद नसते.

ॲपमध्ये महिनाभर सगळं हिरवं आहे, बीपीही बरं आहे. गोळी बंद करू?

नाही. बीपी बरं आहे ते गोळीमुळेही असेल. कमी करायची तर डॉक्टर करतील, तुमच्या नोंदी बघून.

उलट बाजूही सांगते. वयस्कर माणूस, लघवी जास्त होण्याची गोळी चालू, आणि घरच्यांनी उत्साहाने मीठ जवळपास बंदच केलं, तर रक्तातलं सोडियम घसरू शकतं. थकवा, चक्कर, बोलण्यात गोंधळ असं दिसलं तर ॲपमधला आकडा बघत बसू नका, दवाखाना गाठा. विदर्भातल्या मे महिन्यात शेतावर घाम गाळणाऱ्यालाही एसीतल्या माणसाचा हिशोब लावू नका, त्याने डॉक्टरांना विचारून ठरवावं.

माझी माहिती हे ॲपवाले कुणाला विकतात का?

टाकताना परवानग्या बघा. जेवणाच्या डायरीला तुमचे कॉन्टॅक्ट कशाला हवेत? ते आणि लोकेशन नाकारा, तरी बहुतेक ॲप चालतात. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा तुमची संमती आणि माहिती पुसून मागण्याचा हक्क धरतो. पण फुकट ॲपमध्ये आजाराचं नाव, आधार नंबर, रिपोर्टचे फोटो टाकायची मुळात गरजच नाही. नाव पण खोटं चालतं.

किती दिवस भरायचं हे सगळं?

जन्मभर नाही. पहिले दोन आठवडे कडक भरा, मग कुठून मीठ येतंय ते कळतं, बहुतेकांच्या ताटात दोन-तीनच गुन्हेगार निघतात. नंतर महिन्यातून तीन दिवस, त्यातला एक रविवार किंवा लग्नाचा धरा, नाहीतर आपण शहाण्यासारखं खातो तेच दिवस भरत राहतो. बीपीची नोंद मात्र डॉक्टर सांगतील तशी चालू ठेवा.

डॉक्टरांना ॲपमधलं काय दाखवू? त्यांना वेळ नसतो.

तीन महिन्यांची जेवणाची डायरी दाखवली तर ते बघणार नाहीत, आणि त्यांचं चूक नाही. मागच्या सात दिवसांचे सकाळ-संध्याकाळचे बीपीचे आकडे, मिठाचा पुडा किती दिवसांत संपला, घरात माणसं किती, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, त्यात गुडघेदुखीसाठी परस्पर आणलेली पण आली कारण पेनकिलरनेही बीपी चढतं. एवढं एका कागदावर उतरवून न्या, फोन उघडून स्क्रोल करत बसू नका.